शेततळ्यात आणि पाझर तलावात गळाला काय लावता?

माणगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगोला तालुक्यातला, डाळिंबवाला. बागेसाठी ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं आहे, ५०० मायक्रॉनचा कागद अंथरलेला. दोन पावसाळ्यांमागे त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. विकायला नाही, घरासाठी आणि पैपाहुण्यांसाठी. आता मासे किलोच्या आसपास गेलेत. एका कालवणासाठी जाळं आणि चार माणसं कुठं बोलवत बसायचं, म्हणून गळ टाकतो. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी मोटर बंद करून बांधावर गळ घेऊन बसण्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात वाटत नाही.

दुसरं पाणी गावच्या पाझर तलावाचं. १९७२ च्या दुष्काळी कामावर झालेला तलाव, आमच्या आजीनं त्यावर माती वाहिलेली आहे. सध्या मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात आहे, त्यांना विचारूनच मी काठावर बसतो. चिलापी (टिलापिया) बक्कळ आहे, पण मला हवी आहे मरळ. कडेच्या पाणकणसात ती श्वास घ्यायला वर येते, टप्पकन आवाज होतो, म्हणजे आहे हे नक्की. गांडूळ लावलं की पाच मिनिटांत चिलापी टोकरून साफ करते.

तर विचारायचं असं की शेततळ्यात कणकेच्या गोळीला रोहू आणि सायप्रिनस लागतात, पण कटला ढुंकून बघत नाही, त्याला काय लावावं? मरळीला काय लावावं? अण्णा (वडील) म्हणतात जिवंत बेडकासारखं काही नाही. पुतण्या म्हणतो ऑनलाईन रबरी बेडूक मिळतात, चकचकीत चमचे मिळतात, तेच मागवू. पंढरपुरात गळ-तंगूस (नायलॉनचा दोरा) मिळतं, पण दुकानदाराला तुमच्या पाण्यात काय चालेल विचारलं की तो सगळंच चालतं म्हणतो. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा.

गरी_आणि_काडू

देवगडकडचा आहे. आमच्याकडे बहुतेकांचं मन खाडीत, पण मी लहानपणापासून तळ्या-व्हाळांवरच गरवत आलो, म्हणून लिहितो.

गांडुळाला आम्ही काडू म्हणतो. केळीच्या बुंध्याखाली, जिथं घरातलं सांडपाणी जातं तिथं खणायचे. पातळ, लालसर, वळवळणारे घ्यायचे. जाडजूड फिकट असतात ते गळावर मऊ पडतात. करवंटीत ओली माती आणि वर सुकलेलं केळीचं पान, एवढ्यावर दोन-तीन दिवस जिवंत राहतात. उन्हात ठेवू नका, पाणीही फार शिंपडू नका.

चिलापीचा त्रास आहे तर रात्री बसून बघा. तिचं तोंड बहुधा दिवसाच चालतं. रात्री तळाला काडू सोडला तर वाम असेल तर वाम लागेल, शिंगटा लागेल. शिंगट्याला काढताना फडक्यात धरा, त्याचे बाजूचे आणि पाठीवरचे काटे फार बेकार. वामेसाठी गरी, म्हणजे गळ, जमिनीला टेकलेली हवी, शिसं थोडं जास्त लावा.

आणि नाकतोडा विसरू नका. भादव्यात गवत वाढतं तेव्हा हिरवा नाकतोडा पाठीतून टोचून, शिसं न लावता नुसता पाण्यावर सोडायचा. तो पाय झाडतो, बाकी काम मासाच करतो. डोक मासा तर हमखास येतो, मरळही येते.

एक विनंती. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, रायगडकडे ज्याला वलगण म्हणतात, त्या दिवसांत गरी घरात ठेवा. सगळ्यांच्या पोटात गाबोळी असते.

झाडीपट्टीची_लेक

माणगंगाकाठ भाऊ, मी अर्जुनी मोरगावकडची, ढिवराची, म्हणजे मासेमाराची मुलगी. आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधायला घेतलेले, नवेगाव बांध त्यातलाच. बांध आणि पाट कोहळ्यांनी सांभाळले, मासळी आमच्या समाजानं. आता नोकरीनिमित्त नागपुरात असते, पण गळ, जाळं आणि तलाव यांच्यातच मोठी झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंत कोणतं आमिष चांगलं. बाबांची शिकवण अशी की आधी पाणी बघायचं, मग त्या पाण्यातला मासा, मग त्याचं तोंड, आणि आमिष सगळ्यात शेवटी. ज्या पाण्यात जे खाणं रोज मिळतं तेच गळाला लावायचं. तुमची दोन पाणी एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एकाचं आमिष दुसऱ्यात नेलंत तर फुकट जाईल.

शेततळ्याचं बघू. खाली कागद आहे, म्हणजे चिखल नाही, झाडोरा नाही, गांडूळ-किडा जवळजवळ नाही. तिथल्या माशाला अन्न म्हणून दोनच गोष्टी माहीत: पाण्यातली हिरवी साय आणि तुमच्या हातून पडणारा चारा. तुम्ही खाद्य म्हणून काय टाकता ते लिहिलं नाहीत. बहुतेक शेतकरी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समसमान टाकतात. तुम्हीही तेच टाकत असाल तर त्याच पेंडीची गोळी करा, दुसरं काही शोधू नका. विकतचं गोळीखाद्य टाकत असाल तर तीच गोळी थोड्या पाण्यात फुगवून कणकेत मळा.

बाबांची गोळी अशी. शेंगदाणा पेंड कुटून चाळून घ्यायची, तेवढीच कणीक, मूठभर भाजलेल्या डाळ्याचं पीठ. पाणी बेतानंच. मळताना कापसाचे धागे पिंजून त्यात घालायचे. कापूस घातला नाही तर गोळी पाण्यात पडताच सुटते आणि तुम्ही रिकामा गळ धरून बसता. चिमूटभर हिंग किंवा कुटलेली बडीशेप घालतात, वासासाठी. माझ्या मते गढूळ पाण्यात वासाचा उपयोग होतो, नितळ पाण्यात फार नाही. गोळी बोराच्या बीएवढी, गळाचं टोक जेमतेम झाकेल एवढी. मोठी गोळी केली की रोहू तिला कडेकडेनं ओरबाडतो आणि तरंग (दोऱ्यावरचं तरंगतं बोंड) नुसता थरथरत राहतो.

रोहूचं तोंड पाहिलंत? किंचित खाली वळलेलं, ओठाला झालर. तो मधल्या पाण्यात चरतो. मृगळ तळाला. सायप्रिनसला तोंडाशी मिशा असतात, तो तळ हुंगत, उकरत फिरतो, म्हणून त्याला गोळी तळाला टेकलेली हवी. रात्रभर भिजवून उकडलेला मक्याचा दाणा त्याला फार आवडतो, शिवाय बारीक मासे दाण्याला हात लावत नाहीत. याच तळ्यात पुढे गवत्या (ग्रास कार्प) सोडलात तर त्याला लसूणघासाच्या कोवळ्या पानांची जुडी गळावर गुंडाळून द्या.

कटल्याचं तोंड वर उघडतं. तो वरच्या पाण्यातला, आणि चावून नाही तर पाणी गाळून खाणारा. पाण्यातले डोळ्यालाही न दिसणारे जीव त्याचं अन्न. घट्ट गोळी त्याला अन्न वाटतच नाही, तो तिच्याकडे बघत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्याच्यासाठी पीठ तरंगत, विरत राहिलं पाहिजे. भाताचा अगदी बारीक कोंडा आणि डाळ्याचं पीठ सैलसर मळून लिंबाएवढा गोळा करायचा, यात कापूस नको. गोळ्याभोवती आखूड दोऱ्यांवर तीन-चार लहान गळ नुसते लोंबत सोडायचे, किंवा त्यांची टोकं गोळ्यात अर्धवट खुपसायची. तरंग असा बांधायचा की गोळा वरून हात-दीड हात खोलीवरच राहील. गोळा धुरासारखा विरत जातो, कटला तो धूर ओढून घेतो आणि त्याबरोबर गळ ओढतो. ऊन चांगलं तापल्यावर, सकाळी दहाच्या पुढे बसा. पाणी फार गर्द हिरवं असेल तर त्या दिवशी नाद सोडा, त्याचं पोट भरलेलं आहे.

एक महत्त्वाचं. ढगाळ दिवसांत पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेनं नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. तेव्हा गळ बाजूला ठेवा, मोटर लावून पाणी फवारत तळ्यातच सोडा आणि त्या दिवशी खाद्य टाकू नका.

आता पाझर तलाव आणि मरळ.

मरळ शिकारी आहे. कल्ल्यांव्यतिरिक्त तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो टप्प आवाज. ती जिथं वर येते तिथूनच फार लांब राहत नाही. पाणकणसात मोकळ्या पाण्याची जी खिडकी असते, तिच्या कडेला तिची बैठक. गांडूळ चिलापीला पुरतं, तेव्हा चिलापीच्या तोंडात मावणार नाही असं आमिष हवं. सगळ्यात सोपं म्हणजे चिलापीच. बोटाएवढी चिलापी त्याच तलावातून गळानं काढा, बादलीत त्याच तलावाचं पाणी घ्या, सावलीत ठेवा. पाठीच्या पराच्या जरा पुढं, कण्याच्या वरच्या मांसातून गळ घाला. कण्याला लागला तर मासोळी मरते. तरंग एवढाच खोल ठेवा की मासोळी झाडोऱ्यात दडी मारू शकणार नाही. मरळीनं धरलं की तरंग बुडतो, थांबतो, मग पळतो. पळू लागल्यावर झटका द्यायचा. बुडल्याबरोबर झटका दिलात तर नुसती खवलं येतील.

तुमच्या भागात उकिरडा आणि शेणखताचे ढीग आहेत, त्यात अर्धगोल वळलेली पांढरी जाड हुमणी मिळेल. डोक्यामागच्या घट्ट भागातून टोचा, पोटातून टोचली तर सगळा रस निघून जातो. चिलापी तिलाही टोकरते, पण हुमणीची कातडी चिवट, टिकते. मरळ आणि मांगूर दोघांनाही चालते. हुमणी उसाची मुळं खाते, त्यामुळे ऊसवाल्यांचं भलं होतं ते वेगळं.

जिवंत बेडकाबद्दल अण्णांचं म्हणणं खरं आहे, मरळ बेडकावर तुटून पडते. आमच्याकडेही जुनी माणसं लावायची. मी मात्र हात जोडून सांगते, लावू नका. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात देशानं १९८७ साली बंद केली ती उगाच नाही. धानाच्या बांधीत रात्री जो आवाज भरून असायचा तो मी स्वतः विरत गेलेला ऐकलाय. एक बेडूक रात्रभर तुमच्याच शेतातले किडे खातो. मासोळीनं आणि हुमणीनं काम होत असताना बेडकाचा जीव कशाला.

जिवंत आमिष दुसऱ्या तलावातून किंवा बाजारातून आणू नका, हा माझा दुसरा आग्रह. उरलेलं आमिष लोक पाण्यात सोडून देतात आणि तिथंच घात होतो. चिलापी आपल्या देशात १९५२ साली आली, आज ती कुठल्या तळ्यात नाही ते सांगा. थाई मांगूर पाळायला बंदी आहे, तरी तो पसरतोच आहे, आणि तो एकदा तलावात शिरला की बाकीच्यांची पिल्लं राहत नाहीत. त्याचं पिल्लू आमिष म्हणून कुणी देऊ केलं तर घेऊच नका.

शेवटचं मरळीसाठी. पावसाळ्यात पाण्यावर केशरी-लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा दिसेल. त्याच्या खाली नर-मादी पहाऱ्यावर असतात. त्या वेळी काहीही टाकलं तरी ती अंगावर येतात, कारण पिल्लांसाठी ती भांडतात, भुकेनं नाही. तेव्हा पकडलेली एक मरळ म्हणजे तो सगळा घोळका संपला, चिलापी आणि बगळे तासाभरात फस्त करतात. रोहू-कटल्याचं तसं नाही. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीच्या इंजेक्शननं त्यांचं प्रजनन करून दाखवलं, म्हणून आज तुम्हाला विकतची बोटुकली मिळते. संपले तर पुन्हा सोडता येतात. मरळ तुमच्या तलावात कुणी सोडलेली नाही, ती आपली आपण टिकून आहे.

माणगंगाकाठ

ताई, तुमचं लिहिलेलं अण्णांना वाचून दाखवलं. बेडकाचं ऐकून ते म्हणाले, बरोबर आहे तिचं, आता ओढ्यालाही बेडूक दिसत नाहीत. आमच्याकडं खाद्य म्हणून पेंड आणि कोंडाच टाकतो, तुम्ही ओळखलंत. कापसाची युक्ती आजच करून बघतो, घरात सरकीचा कापूस आहे.

पुतण्याचा प्रश्न अजून राहिला. रबरी बेडूक आणि चमचे याबद्दल कुणी वापरणारा आहे का? त्याचा हट्ट असा की जिवंत काहीच नको, सगळं कृत्रिम.

काठावरचा_पुणेकर

वापरणारा आहे. मी ल्यूर (कृत्रिम आमिष) सोडून दुसरं काही टाकत नाही आणि मासा सोडून देतो, त्यामुळे माझं सांगणं त्या बाजूचं आहे असं समजा.

पुतण्याला सांगा, मरळीसाठी एकच ल्यूर घ्यायचा असेल तर पोकळ रबरी बेडूक. त्याला पोटाखाली नाही, पाठीला चिकटून वर वळलेले दोन गळ असतात. त्यामुळे तो पाणकणसावरून, कमळाच्या पानावरून, जलपर्णीवरून ओढत आणला तरी अडकत नाही. मासा तोंडात दाबतो तेव्हा रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. मऊ निवडा. अंगठ्यानं दाबून बघा, गळांची टोकं सहज बाहेर आली पाहिजेत. स्वस्तातले पुष्कळ बेडूक इतके कडक असतात की मरळ चावते, ओढते आणि काहीच होत नाही.

पाणी गढूळ असेल तर काळा किंवा गर्द तपकिरी. मासा खालून बघतो, त्याला आकाशासमोर काळी आकृतीच स्पष्ट दिसते. दुकानात जे पिवळे-नारिंगी नक्षीदार असतात ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतात असं माझं मत झालंय.

फेकायचा कुठं? थेट खिडकीत नाही. खिडकीच्या पलीकडे हातभर, झाडोऱ्यावर. तिथून हळूहळू ओढत पाण्याच्या काठाशी आणायचा आणि थांबायचं. पाण्यावरची लहर विरेपर्यंत थांबायचं. मग एक बारीक झटका, पुन्हा थांबा. बहुतेक हल्ले तो थांबलेला असताना होतात. पाणी फुटलं की हात आवरा. काठीला वजन लागल्याचं जाणवलं की मगच जोरात. झाडीपट्टीच्या ताईंनी तरंगाबद्दल सांगितलं तेच इथंही.

तंगूस यासाठी चालत नाही, ताणलं जातं आणि झाडोऱ्यात घासून तुटतं. विणलेली दोरी, जिला ब्रेड म्हणतात, ती ३० ते ५० पौंडांची घ्या. काठी सहा-सात फुटांची आणि कडक. मरळ लागली की तिला खेळवत बसायचं नसतं, डोकं वर ठेवून सरळ ओढायचं, नाहीतर ती मुळांत गुंडाळून बसते.

चमच्यांचं. फिरणारी पाती असलेले स्पिनर आणि धातूचे चमचे मोकळ्या पाण्यात चांगले. धरणाच्या कडेला, जिथं बारीक मासे उसळताना दिसतात तिथं. पण त्यांना तीन टोकांचा गळ असतो. पाणकणसात पहिल्याच फेकीत अडकेल. आणि तुमच्या शेततळ्यात तर तो अजिबात टाकू नका. तीन टोकांचा गळ कागदात रुतला आणि ओढलात की पाणी कुठून गळतंय ते शोधत बसावं लागेल. तसंही रोहू, कटला, सायप्रिनस हे चमच्याच्या मागे धावणारे मासे नाहीत. शेततळ्यासाठी ल्यूरचा खर्चच करू नका.

सगळं कृत्रिम हवं म्हणणाऱ्या पुतण्याला एवढं नक्की सांगा: गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा. मासा सोडताना ओरखडा कमी, आणि स्वतःच्या बोटात गेला तर दवाखान्यात न जाता निघतो. मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते.

पवईचा_जुना_सभासद

थोडं कणकेबद्दल. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद कित्येक दशकं गळ टाकत आलेत आणि तिथं प्रत्येकाची गोळीची कृती वेगळी, कुणी वेलदोडा घालतो, कुणी मध, कुणी शिळा पाव. मी सगळं करून पाहिलं. माझ्या अनुभवात गोळीपेक्षा आदल्या संध्याकाळी टाकलेल्या चाऱ्याला महत्त्व जास्त. ज्या जागी उद्या बसायचं तिथं आज मूठ-दोन मूठ पेंड-कोंड्याचे घट्ट गोळे टाकून ठेवा. जास्त नको, पोट भरलेला मासा गोळीकडे येत नाही, आणि तुमच्या बंदिस्त तळ्यात उरलेला चारा कुजून पाणी बिघडेल. जागा बदलू नका. मासे वेळ ओळखू लागतात.

गळाच्या आकड्याचा घोळ होतो म्हणून सांगतो. आकडा वाढला की गळ लहान होतो, १० नंबर ८ पेक्षा बारीक. १ च्या पुढे मात्र १/०, २/० असं लिहितात आणि तिथं आकडा वाढला की गळ मोठा. पेंडीच्या गोळीला ८ किंवा ६ पुरे. कटल्याच्या गोळ्याभोवती १०. जिवंत चिलापी लावून मरळीला १/० किंवा २/०.

माणगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईंच्या कृतीनं गोळी केली. कापूस घातल्यानं खरंच सुटत नाही, एका गोळीवर दोन-दोनदा टोकरून गेले तरी गळ झाकलेला होता. दोन रोहू आले, एक बराच मोठा. कटल्याचा विरणारा गोळा अजून जमला नाही, माझा फारच सैल झाला, फेकतानाच सुटून पडतो. पुतण्यासाठी काळा रबरी बेडूक मागवलाय, पण सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितलं की पिल्लांचे घोळके दिसायला लागलेत, तेव्हा दिवाळीपर्यंत मरळीला हात लावायचा नाही असं घरात ठरलं. तोवर शेततळं.

ताई, कटल्याच्या गोळ्यासाठी पाणी किती घालायचं?

झाडीपट्टीची_लेक

भाऊ, मरळीचं ठरवलंत ते फार बरं केलंत. शेजारच्या तेलंगणानं तिला राज्याचा मासा केलंय, आपल्याकडे तिच्याकडे कुणी बघत नाही. अध्यक्षांनाही माझा नमस्कार सांगा.

गोळ्यात पाणी घालूच नका. कोंडा आणि डाळ्याचं पीठ कोरडं एकत्र करायचं, त्यावर हात ओला करून झटकायचा, पुन्हा चोळायचं. मुठीत दाबल्यावर गोळा धरला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर फुटला पाहिजे. धरत नसेल तर चमचाभर कणीक घाला, जास्त नाही. आणि फेकू नका. लांब काठीनं अलगद पाण्यावर नेऊन सोडा. बाबा बांबूच्या काठीनंच सोडायचे, रीळ त्यांनी कधी वापरलं नाही. तुमच्या ३० मीटरच्या तळ्यात फेकायची गरजही नाही, कटला काठापासून काठीभर अंतरावर येतो, फक्त तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका. पूर्वेच्या बांधावर बसत असाल तर सकाळी उठून पश्चिमेच्या बांधावर जा.

आता मासळी सोडून एक सांगते, आणि हे नक्की करा. कागदाच्या शेततळ्याच्या बाजू ओल्या झाल्या की त्यावर पाय टिकत नाही. पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. पुतण्या गळ काढायला वाकणार, मासा ओढणार, संध्याकाळी एकटा बसणार. चारही बाजूंना वरच्या खुंटाला बांधून, गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. हात धरायला दर हातभर अंतरावर गाठ. जवळ ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून, तिलाही दोर बांधून ठेवा. कुंपणाचं दार बंद करण्याची सवय सगळ्यांना लावा आणि लहान मुलाला एकट्याला गळ घेऊन पाठवू नका.

दोराच्या गाठी झाल्या की मग पुढच्या रविवारी कटल्यासाठी बसा. ऊन असेल तर दहा ते बारा. काय लागलं ते इथं लिहा.